अनुदान संपल्यानंतरचे गाव

२४ फेब्रुवारी २०२५ रोजी बिहारमधील भागलपूर येथे झालेल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशातील दहा हजाराव्या शेतकरी उत्पादक संस्थेची घोषणा केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी चित्रकूट येथे सुरू झालेल्या ६,८६५ कोटी रुपयांच्या योजनेचे संख्यात्मक उद्दिष्ट त्या दिवशी पूर्ण झाले. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि त्याच वर्षी २४ जुलैला केंद्राचे नवे राष्ट्रीय सहकार धोरण प्रसिद्ध झाले. गावोगावी दोन लाख नव्या बहुउद्देशीय प्राथमिक, दुग्ध व मत्स्य सहकारी संस्था उभारण्याचा निर्णय त्याआधी, २०२३ मध्येच झाला होता. ग्रामीण भागात संस्था जन्माला घालण्याचा एवढा मोठा हंगाम गेल्या अनेक दशकांत आलेला नाही.

किती संस्थांची नोंदणी झाली, हे सरकारचे मोजमाप असते. गावाचे मोजमाप वेगळे असते. सोयाबीन घरात आल्यावर संस्थेकडे ते विकत घ्यायला पैसे आहेत का, आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळाल्यानंतरच्या वर्षी संस्थेचे कुलूप उघडते का, हे प्रश्न गावासाठी महत्त्वाचे असतात. या दृष्टीने पाहायचे तर राजधानीपेक्षा पश्चिम विदर्भातील एखाद्या तालुक्यातून पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. बुलडाणा जिल्ह्यातील मोताळा तालुका आणि त्यातील रोहिणखेड हे गाव त्यासाठी योग्य आहे. सामुदायिक उद्योगाला लागणारे जवळजवळ सर्व घटक या परिसरात सुटेसुटे उपलब्ध आहेत; ते एकत्र येत नाहीत, एवढीच अडचण आहे.

वाटेवरचे गाव

रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याचे गाव. खानदेशातून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या जुन्या वाटेवर ते वसले असल्याने इतिहासात त्याचे नाव लढायांच्या निमित्ताने येते. १४३७ मध्ये बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने खानदेशच्या नासीरखान फारुकीचा येथे पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाही गादीचा निर्णयही याच परिसरातील लढाईत लागला. वाट होती म्हणून सैन्ये आली, आणि व्यापारही त्याच वाटेने गेला. पुढे इंग्रजी अमलात रेल्वे आली, मलकापूर हे लोहमार्गावरील स्थानक झाले, खामगावच्या कापूस बाजारासाठी १८७० मध्ये स्वतंत्र फाटा टाकला गेला आणि वऱ्हाडचा कापूस थेट जगाच्या बाजाराला जोडला गेला.

तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट फारशी बदललेली नाही. या भागातून माल कच्च्या स्वरूपात बाहेर जातो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई आणि ६० किलोंहून अधिक सरकी निघते. सरकीपासून तेल आणि जनावरांसाठी पेंड मिळते. शेतकरी कापूस विकतो, तेव्हा हे सर्व एकदमच गावाबाहेर जाते आणि तीच पेंड नंतर रोख पैसे मोजून गावात परत येते. मूल्यवर्धन, प्रक्रिया, ग्रामोद्योग हे शब्द भाषणांतून कितीही गुळगुळीत झाले असले, तरी त्यांच्या मागचा हिशेब हा असा साधा आहे.

पाण्याचा धडा

मोताळा तालुक्याने सामुदायिक प्रयत्नांचे एक उत्तम उदाहरण अलीकडेच घालून दिले आहे. पानी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत याच तालुक्यातील सिंदखेड या गावाने साताऱ्याच्या माण तालुक्यातील भांडवली गावाबरोबर राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. ८ एप्रिल ते २२ मे हे ४५ दिवसांचे स्पर्धेचे वेळापत्रक. भर उन्हाळ्यात श्रमदान, मोजमाप, बांधबंदिस्ती. त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात जलसाठ्यांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले. तलाव व नाल्यांतून निघालेली माती व मुरूम महामार्गाच्या भरावासाठी वापरण्याची पद्धत 'बुलडाणा पॅटर्न' या नावाने देशभर चर्चिली गेली. तलाव खोल झाले आणि रस्त्याला भराव मिळाला. दोन सरकारी खात्यांनी एकमेकांशी बोलण्याचे ठरवले, तर काय होते याचा हा वस्तुपाठच.

या कामांना यश का आले? उद्दिष्ट डोळ्यांना दिसणारे होते, मुदत ठरलेली होती, तांत्रिक मार्गदर्शन बांधावर मिळत होते आणि कामाचे मोजमाप गावासमोर होत होते. परंतु पाणी साठवणे हे एका उन्हाळ्याचे काम असू शकते; माल विकणे हे दरवर्षीचे काम आहे. श्रमदानाला उत्साह पुरतो, व्यापाराला भांडवल लागते. जलसंधारणात एकजुटीने उतरलेली अनेक गावे बाजारात मात्र पुन्हा एकेकटी उभी राहतात, त्याचे कारण येथे आहे.

आणि बाजाराचा हा प्रश्न सुटला नाही, तर पाण्याचे यशही टिकत नाही. विहिरीला पाणी वाढले की शेतकरी अधिक पैसे देणारे, बहुधा अधिक पाणी पिणारे पीक घेतो. त्याला दोष देता येत नाही. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून आणि शेतीसाठी बोअरवेलना मज्जाव करून हा धोका टाळला. प्रत्येक गावाला तेवढी शिस्त केवळ ठरावाने लावता येईल, असे नाही. मात्र हरभरा, तूर, ज्वारी यांसारख्या कमी पाण्याच्या पिकांना गावातच खात्रीचा खरेदीदार मिळाला, तर तीच शिस्त बाजार लावू शकतो. शाश्वत विकासाची चर्चा पर्यावरणाच्या अंगाने होते. प्रत्यक्षात तिचा निकाल पुष्कळदा माल कोण आणि कोणत्या भावाने घेतो यावर लागतो.

हा मुद्दा येत्या काळात अधिक तीव्र होणार आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्याने २०२४ मध्ये मान्यता दिली. सुमारे ८७ हजार कोटी रुपये खर्चाच्या आणि ४२६ किलोमीटरहून अधिक लांबीच्या या जोडकालव्याचे शेवटचे टोक मोताळा परिसरातील नळगंगा प्रकल्पाशी येते. त्या पाण्याला यायला बराच काळ लागेल. तोवर विक्रीची व्यवस्था उभी राहिली नाही, तर एवढ्या खर्चाचे पाणीदेखील कच्च्या मालाचे ढीगच वाढवील.

पाऊण क्विंटलचे भांडवल

मग शेतकरी उत्पादक संस्था हे त्यावरचे उत्तर आहे काय? कल्पना म्हणून निश्चितच आहे. सहकारातील राजकीय हस्तक्षेप आणि कंपनी कायद्यातील नफेखोरी या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणून डॉ. वाय. के. अलघ यांच्या समितीने उत्पादक कंपनीची रचना सुचवली आणि २००२ च्या दुरुस्तीने ती कंपनी कायद्यात आली. एक सभासद, एक मत हे सहकाराचे तत्त्व तिने राखले. महाराष्ट्रात ही कल्पना सर्वाधिक रुजलीही. परंतु केंद्राच्या योजनेतील आकडे प्रत्यक्ष शेतमालात रूपांतरित करून पाहिले, तर तिची मर्यादा स्पष्ट होते.

या योजनेनुसार सपाट प्रदेशात संस्थेसाठी किमान ३०० सभासद लागतात. प्रत्येक सभासदाच्या भागभांडवलाएवढे, पण दोन हजार रुपयांपर्यंत आणि संस्थेमागे १५ लाखांपर्यंत, सरकार समभाग अनुदान देते. समजा ३०० शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन हजार रुपये भरले. सहा लाख त्यांचे, सहा लाख सरकारचे. एकूण १२ लाख. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्या दराने १२ लाखांत २२५ क्विंटल सोयाबीन येते. म्हणजे सभासदामागे पाऊण क्विंटल. उरलेला माल शेतकऱ्याने कोठे न्यावा? अर्थातच, जेथे तो आजवर नेत आला तेथेच.

व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपये मिळतात. महिन्याला सरासरी ५० हजार. त्यात मुख्य कार्यकारी अधिकारी, लेखापाल, कार्यालयाचे भाडे, प्रवास आणि वैधानिक पूर्ततांचा खर्च बसवायचा. बाजार समजणारा, मालाची प्रत ओळखणारा, हिशेब चोख ठेवणारा आणि वायद्याच्या भावावर लक्ष ठेवणारा माणूस एवढ्या रकमेत मिळणे कठीण. मिळाला तरी चौथ्या वर्षी त्याचा पगार कोण देणार, हा प्रश्न उरतोच. संस्था पहिली दोन वर्षे कागदपत्रांत घालवते, तिसऱ्या वर्षी व्यवहार शिकते आणि नेमक्या त्याच वेळी आधार सुटतो.

यंत्रसामग्रीसाठी मात्र पैसा तुलनेने सहज मिळतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत बुलडाणा होता. पाठोपाठ २०२० मध्ये 'स्मार्ट' प्रकल्प आला. गोदाम, धान्य चाळणी, प्रतवारी यंत्र यांसाठी या योजनांतून ६० टक्क्यांपर्यंत अनुदान देण्यात आले. ही मदत मोलाची आहे, यात शंका नाही. पण गोदाम बांधायला अनुदान आणि ते मालाने भरायला मात्र भांडवल नाही, अशी विसंगती त्यातून निर्माण होते. इमारतीचे उद्घाटन करता येते, खेळत्या भांडवलाचे करता येत नाही, हेही त्यामागचे एक कारण असावे.

भांडवलाच्या दोन गोष्टी

बुलडाणा जिल्ह्यात पैसा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये बुलडाण्यात सुरू झालेली 'बुलडाणा अर्बन' ही पतसंस्था आज देशातील मोठ्या बहुराज्यीय पतसंस्थांपैकी एक आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की तिने शेतमाल साठवण्यासाठी गोदामे उभारली आणि साठवलेल्या मालाच्या तारणावर कर्ज देण्याची पद्धत रुजवली. शेतकऱ्याला जमीन गहाण न टाकता मालावर पैसे मिळाले, तर तो हंगामातल्या पडत्या भावाला विकण्यास बांधील राहत नाही. मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या जिल्ह्यातूनही ठेवी उभ्या राहू शकतात आणि त्या शेतमालाशी जोडता येतात, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

दुसरी गोष्ट याच जिल्ह्याच्या मध्यवर्ती सहकारी बँकेची. बँकिंग परवाना नसलेल्या देशातील २३ जिल्हा बँकांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०१४ मध्ये २,३७५ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातील तीन बँका होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलडाणा. जिल्हा बँक अडली की तिच्याकडून कर्ज घेऊन गावात वाटणारी सेवा सहकारी सोसायटीही अडते आणि शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारात उभा राहतो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले, त्यांत बुलडाणाही होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. संस्था बुडते तेव्हा केवळ भागभांडवल बुडत नाही; गावाची पतच जाते आणि ती परत मिळवायला एक पिढी लागते.

या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यातील, एकाच काळातील आहेत. म्हणून विदर्भाच्या मातीत सहकार रुजत नाही, हे ठरावीक विधान तपासून घ्यावे लागते. फरक मातीचा नसून देखरेखीचा आणि हिशेबाचा आहे. अलीकडच्या काळात मराठवाड्यातील काही बहुराज्यीय पतसंस्था कोसळल्या आणि लाखो ठेवीदारांची पुंजी अडकली. तेव्हा यशस्वी पतसंस्थांवरही अंकुश हवाच. २०२३ मध्ये बहुराज्यीय सहकारी संस्था कायद्यात दुरुस्ती होऊन निवडणूक प्राधिकरण व लोकपालाची तरतूद झाली, ती या दृष्टीने आवश्यकच होती. मात्र तिचा खरा कस अंमलबजावणीत लागेल.

राज्य किती, गाव किती?

या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत म्हणते की खरेदी सरकारनेच करावी. तो प्रयोग याच वऱ्हाडाने पाहिला आहे. १९७२ च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. सुरुवातीला तिने शेतकऱ्याला आधार दिला. पुढे तोटा, रखडलेली चुकारे आणि प्रतवारीच्या तक्रारी यांत ती रुतली आणि २००२ नंतर मक्तेदारी संपली. आजही हमीभाव खरेदीत वेगळे चित्र नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारभाव त्याच्या बराच खाली राहिला. सरकारी खरेदी सुरू झाली, पण बारदान्याचा तुटवडा आणि ओलाव्याची अट यांमुळे केंद्रांवर रांगा लागल्या. ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत नेण्याचा निर्णय हंगाम सुरू झाल्यानंतर घ्यावा लागला. ज्याला रोख पैशाची निकड होती, त्याने तोवर माल व्यापाऱ्याला दिलेला होता.

दुसरे मत म्हणते की अनुदाने बंद करा, जे टिकायचे ते टिकेल. या मताचे समर्थक 'लिज्जत'चे उदाहरण देतात. १९५९ मध्ये मुंबईत सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे खरेच. पण गोष्ट तेथे संपत नाही. १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने या संस्थेला मान्यता दिली आणि खेळत्या भांडवलासाठी साह्य केले. म्हणजे काम सिद्ध झाल्यानंतर, सातव्या वर्षी, योग्य प्रकारची मदत मिळाली. आजच्या योजनांचा क्रम नेमका उलटा आहे: नोंदणी होताच मदत सुरू होते आणि काम जमू लागल्यावर थांबते.

नाशिक जिल्ह्यातील मोहाडीची 'सह्याद्री फार्म्स' हे तिसरे उदाहरण हमखास दिले जाते. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्ष निर्यातीतून उभी केलेली ही संस्था अभिमानास्पद आहे. २०२२ मध्ये तिने युरोपीय गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये उभारले. परंतु बागायती द्राक्षाचे गणित कोरडवाहू सोयाबीनला लागू करता येत नाही. सोयाबीनमध्ये तेलाचे प्रमाण सुमारे १८ टक्के. त्याचा भाव ठरतो तो मुख्यतः पेंडीच्या जागतिक मागणीवर. त्यासाठी गावात कारखाना काढणे हे परवडणारे स्वप्न नव्हे.

गावाला झेपेल असा उद्योग अधिक साधा असतो. सोयाबीनचे बियाणेच घ्या. हे स्वपरागसिंचित पीक असल्याने शेतकऱ्याने राखलेले बियाणे चालते; मात्र त्याची उगवणक्षमता नाजूक असते आणि प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण लागते. काळजीपूर्वक मळणी, चाळणी, साठवण आणि उगवण तपासणी एवढे काम गावपातळीवर करून धान्याचे रूपांतर अधिक किमतीच्या बियाण्यात होऊ शकते. १९७६ पासून कार्यरत असलेल्या महाबीजचे मुख्यालय शेजारच्या अकोल्यात आहे आणि तिचा बीजोत्पादन कार्यक्रम शेतकऱ्यांच्याच शेतावर चालतो. रोहिणखेडसारख्या गावाला बाजार शोधत दूर जाण्याची येथे गरज नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, मदतीचा काळ आणि प्रकार बदलला पाहिजे. समभाग अनुदान आणि व्यवस्थापन खर्च तीन वर्षांत संपवण्याऐवजी ते व्यवहाराशी जोडून आठ-दहा वर्षे उतरत्या क्रमाने द्यावेत. ज्या संस्थेने मागील हंगामात सभासदांचा माल घेतला, लेखापरीक्षण वेळेवर केले, तिलाच पुढचा हप्ता मिळावा. नुसत्या नोंदणीला पैसे देणे थांबले, तर कागदी संस्था आपोआप गळून पडतील.

दुसरी गोष्ट, तारण कर्जाची उपलब्ध यंत्रणा उत्पादक संस्थांच्या गोदामांपर्यंत नेली पाहिजे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीत ठेवलेल्या सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पाच हजार रुपये किमतीच्या क्विंटलमागे ३,७५० रुपये हाती येतात आणि सहा महिन्यांचे व्याज होते सुमारे ११२ रुपये. थांबण्याची ही किंमत फार नाही. २००७ च्या गोदाम कायद्याने गोदाम पावतीला कायदेशीर आधारही दिला आहे. गावच्या संस्थेचे गोदाम या कायद्याखाली नोंदले गेले आणि जिल्ह्यातील पतसंस्था व बँका त्या पावतीवर कर्ज देऊ लागल्या, तर २२५ क्विंटलची मर्यादा ओलांडता येईल. उत्पादक संस्थांच्या कर्जासाठी केंद्राची दोन कोटी रुपयांपर्यंतची पतहमी आहेच.

तिसरी गोष्ट, चांगला व्यवस्थापक एका गावाला परवडत नसेल, तर अनेक गावांनी मिळून ठेवावा. महिला आर्थिक विकास महामंडळाने २००७ पासून 'तेजस्विनी' कार्यक्रमात हाच मार्ग अवलंबला. बचत गटांच्या समूहाने स्वतः चालवलेली लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली. पगारी व्यवस्थापक, गटांना दिलेल्या सेवेचे शुल्क आणि त्या शुल्कातून केंद्राचा खर्च ही त्यांची रचना. राज्यात अशी साडेतीनशेहून अधिक केंद्रे उभी राहिली. उत्पादक कंपन्यांच्या तुलनेत या महिलांच्या केंद्रांची चर्चा फारच कमी होते, वास्तविक संस्था स्वतःच्या पायावर कशी उभी राहते याचे धडे तेथेच मिळतात.

चौथी गोष्ट, हिशेब. पाण्याचा ताळेबंद आणि संस्थेचा ताळेबंद एकाच ग्रामसभेत, एकाच दिवशी वाचला जावा. किती पाणी शिल्लक आहे, त्यावर कोणते पीक निघेल, संस्था त्यातील किती घेणार, गेल्या वर्षी किती घेतले आणि किती पैसे देणे आहे, हे प्रश्न वेगवेगळ्या खात्यांचे असले तरी शेतकऱ्यासाठी ते एकच आहेत. जिल्हा बँकेचे संकट शेतकऱ्याला कळले, तेव्हा कर्ज मिळेनासे झाले होते. गावातील संस्थेबाबत तसे होऊ नये, यासाठी एवढी व्यवस्था पुरेशी आहे आणि तिला कोणतेही अनुदान लागत नाही.

दहा हजार संस्थांची नोंदणी झाली, हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण तिसरे वर्ष उलटून अनुदान संपलेल्या संस्थांची संख्या आता दरवर्षी वाढत जाणार आहे. त्यांतील किती संस्था चौथ्या आणि पाचव्या हंगामात सभासदांचा माल घेत आहेत, याची जिल्हानिहाय यादी केंद्र व राज्य सरकारने दरवर्षी प्रसिद्ध करावी. धोरण योग्य दिशेने चालले आहे की नाही, हे सांगण्यास ती एक यादी पुरेशी आहे.